खालची हवा

ती खोली राहण्याजोगी आहे, असा निर्वाळा कृतिकानेच दिला होता.

घर डोंबिवली पश्चिमेला, खाडीच्या अंगाला. पणजोबांच्या काळात तिथे मिठागर होतं, नंतर भाताची खाचरं आली आणि आता तीन मजली बिल्डिंग उभी होती. वरचे मजले बहुतेक भाड्याने दिलेले. कुटुंब राही ते अगदी वरच्या मजल्यावर, आणि लिफ्ट नव्हती. तळाला, मागच्या बाजूला एक खोली कायम रिकामी असे. भोवतालच्या रस्त्यावर वर्षांमागून वर्षं काँक्रीटचे थर चढत गेले, त्यामुळे आवारातही भराव पडत गेला. खोली मात्र होती तिथेच राहिली. आता तिच्यात जायला पायऱ्या उतराव्या लागत, तळ्यात उतरावं तशा.

कृतिकाच्या थोरल्या भावाच्या, नयनच्या बायकोचं, ऐश्वर्याचं, सिझेरियन झालं तेव्हा त्या खोलीची आठवण निघाली. तिच्या माहेरी आई नव्हती. टाके ओले असताना तिने तीन जिने चढायचे कसे?

"तेच खोलीत नको," गोदाआत्या म्हणाली. ती कृतिकाच्या वडिलांची थोरली बहीण. लग्न न करता याच घरात राहिलेली, आणि घरातला शेवटचा शब्द बहुतेक वेळा तिचाच असे. "तिथं बाई हाय. कोनी टिकला का तिथं आजवर?"

"आत्या, बाई कोणी बघितली?" कृतिकाने विचारलं.

"अख्खी गल्ली बोलते."

"बोलते गं. बघितली कोणी?"

कृतिका भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झालेली. ठाण्यात शाळांसाठी फिरतं विज्ञान प्रदर्शन तयार करणाऱ्या एका छोट्या संस्थेत ती मजकूर तपासायचं काम करी. कुठलंही विधान आलं की ते कुठून आलं, त्याच्या आधी कुठून, त्याच्याही आधी कुठून, असं उकरत जायची तिला सवय लागली होती. ती सवय तिने गल्लीला लावली. वाण्याने इस्त्रीवाल्याकडून ऐकलेलं, इस्त्रीवाल्याने समोरच्या काकूंकडून, काकूंनी आणखी कोणाकडून. सगळे धागे एकाच नावाशी येऊन थांबले. मंदाकिनी. बऱ्याच वर्षांपूर्वी त्या खोलीत भाड्याने राहून गेलेली बाई.

"म्हणजे शंभर जण बोलतात, पण पुरावा एकच," कृतिका जेवताना म्हणाली. "बाकीचे सगळे प्रतिध्वनी. शंभर मतं म्हणून मोजायची नाहीत."

"आमची सायंटिस्ट," नयन हसला. "अगं, पण त्या मंदाकिनीने काय बघितलेलं?"

"ते माहीत नाही. ती सोडून गेली, बस."

आणि तिथेच ती थांबली. एका माणसाच्या सांगण्यावर किती विसंबायचं? त्यापेक्षा मोजावं. ऑफिसात प्रदर्शनासाठी आणलेला कार्बन डायऑक्साइड मोजायचा मीटर होता. तो तिने मागून आणला आणि खोलीतल्या टेबलावर ठेवला. लख्ख ऊन पडलेलं, खाडीवरून वारा येत होता. आकडे इतके साधे आले की तिला हसू आलं. वरच्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात याहून वाईट हवा असते.

"राहण्याजोगी आहे," तिने सांगितलं.

गोदाआत्या मशीनकडे बघत राहिली. "एवरी मानसा बोलतान ती काय सगली येरी?"

"वेडी नाहीत गं. ऐकलेलं सांगतात."

तिसऱ्याच दिवशी ऐश्वर्या बाळाला घेऊन आली. मुलगी. दोघी लोखंडी पलंगावर झोपत. खिडकी बंद, दाराला पडदा, बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून. सकाळी उठली की ऐश्वर्याचं डोकं जरा दुखे, पण बाळंतपणात कोणाचं दुखत नाही? कृतिका ऑफिसातून आली की पलंगाच्या पायथ्याशी बसून बाळाचे पाय न्याहाळी. अशाच एका संध्याकाळी तिचं लक्ष पालींकडे गेलं. चांगल्या पाच-सहा पाली होत्या आणि सगळ्या छताला. ट्यूबलाइटचा उजेड भिंतीवर खालपर्यंत पडलेला, खाली किडेही होते, जमिनीवर, निपचित पडलेले. पण एकही पाल ते खायला उतरत नव्हती. माना खाली वळवून त्या जमिनीकडे बघत होत्या.

"किती आळशी झाल्यात," ऐश्वर्या म्हणाली.

कृतिकाही हसली. नोंदवण्यासारखं काही आहे, असं तिला तेव्हा वाटलं नाही.

जन्माच्या सहाव्या दिवशी सटवाईची पूजा होती. त्याच सकाळी ऑफिसात सुधीर सरांनी तिचा फलक परत पाठवला. सुधीर सर प्रदर्शनाचे संपादक, आवाज न चढवता माणसाला पाणी पाजणारे. फलकाचं शीर्षक होतं 'राहण्याजोगा ग्रह'. त्यात एका लाल बटू ताऱ्याभोवती फिरणाऱ्या ग्रहाबद्दल तिने लिहिलं होतं की तो ताऱ्यापासून योग्य अंतरावर आहे, तिथे पाणी द्रवरूपात राहू शकतं, म्हणून तो राहण्याजोगा आहे.

"योग्य अंतरावर असणं म्हणजे राहण्याजोगं असणं का?" सरांनी विचारलं. "लांबून बघणाऱ्याला शुक्रही जवळपास आपल्यासारखाच दिसेल. तेवढाच आकार, अंतरही फार वेगळं नाही. खाली उतरलं की शिसं वितळतं. हवा कसली आहे, किती दाट आहे, आणि मुख्य म्हणजे ती तशीच टिकते का? एका दिवसाच्या मोजमापावर आपण कुणाला राहायला पाठवू का?"

"सर, संदर्भ दिलेत मी. बारा बातम्या होत्या, सगळ्या एकाच शोधनिबंधावर आधारलेल्या. तो शोधून काढला."

"शोधून काढलात. वाचलात?"

कृतिकाने नकारार्थी मान हलवली.

"मी वाचला. त्यात लिहिलंय की जर वातावरण टिकून असेल तर. बारा बातम्यांत 'जर' गळून गेला. मूळ संदर्भापर्यंत जायचं आणि दारावरून परत फिरायचं, याला तपासणं म्हणत नाहीत हो."

ती जागेवर येऊन बसली. फलक उघडला, पण डोळ्यांपुढे दुसरंच दार येत होतं. मंदाकिनी. तिथेही कृतिका मूळ संदर्भापर्यंत गेली होती, आणि दारावरून परत फिरली होती. त्या बाईने काय बघितलं हे कोणीच विचारलं नव्हतं.

समोरच्या काकूंना फोन केल्यावर कळलं की मंदाकिनी आता खडवलीला असते, स्टेशनजवळ खानावळ चालवते. नंबर कोणाकडे नव्हता. कृतिकाने अर्धी रजा टाकली. बाहेर पडली तेव्हा आभाळ पिवळट झालं होतं. अरबी समुद्रात लांबवर चक्रीवादळ होतं. ते गुजरातकडे वळेल, इथे काही होणार नाही, असं सगळे सांगत होते. वारा पूर्ण पडला होता. ऑफिसबाहेर, खोपटच्या झाडांचं पान हलत नव्हतं. कानांत दडे बसल्यासारखं वाटत होतं.

खडवलीची खानावळ पत्र्याच्या छपराखाली होती. मंदाकिनी मावशी साठीच्या, हातांना पीठ लागलेलं. कृतिकाने गावाचं नाव सांगताच त्यांनी लाटणं खाली ठेवलं.

"पंढरीशेटची नात तू? त्या बिल्डिंगवाल्यांची?"

"हो. मावशी, तुम्ही मागच्या खोलीत राहायचात. तुम्हाला तिथे बाई दिसलेली का?"

"बाई?" मंदाकिनी मावशींना खरोखरच हसू आलं. "कसली बाई? मी कधी बोलले बाई? अगं, माझी मांजर व्यायली होती तिथे. पलंगाखाली. पिल्लं छान, डोळे पण उघडलेले. एक दिवस असंच होतं बघ, आजच्यासारखं. मळभ, वारा नाही. संध्याकाळी बघते तर सगळी पिल्लं गेलेली. ओळीने. कुठे जखम नाही, काही नाही. झोपलीत असंच वाटावं. आणि मांजर कपाटावर बसून ओरडतेय, खाली उतरेना."

"अजून काही?"

"देव मी खाली जमिनीवर मांडलेले, जागा नव्हती. मळभ आलं की दिवा विझायचा. वारा नसताना. मी लोकांना एवढंच सांगितलं, बाबांनो, त्या खोलीत खाली झोपू नका. जमिनीवर झोपू नका." त्यांनी पोळी तव्यावर टाकली. "आता बाई कोणी घातली त्यात, मला नाही माहीत."

खाली. हा एकच शब्द महत्त्वाचा होता आणि तोच गळला होता.

"मावशी, त्या खोलीखाली काय आहे, माहितीये तुम्हाला?"

"तुला नाही माहीत? बाव, विहीर होती ना तुमची. तुझ्या आजोबांनी भरून घेतली. गावचा सगळा कचरा, झाडांचा पाला, पाडलेल्या घरांचं रॅबिट, सगळं त्यात. वर कोबा घातला आणि खोली काढली."

स्टेशनवर उभ्या उभ्या कृतिकाला सगळं दिसायला लागलं. बुजवलेल्या विहिरीत वर्षानुवर्षं कुजणारा कचरा. तो प्राणवायू संपवतो आणि जड, मेलेली हवा तयार करतो. बाहेर हवेचा दाब जास्त असला की ती खालीच दबून राहते, विहीर श्वास आत घेते. दाब घसरला, वादळ लांबून जरी गेलं, की विहीर श्वास सोडते. जड हवा फटींतून वर येते आणि खड्ड्यासारख्या खोलीत पाण्यासारखी साचते. आधी घोट्यापर्यंत. मग गुडघ्यापर्यंत. तिने मीटर ठेवला होता टेबलावर. लख्ख उन्हात.

तिच्या फोनमध्ये दाब दाखवायची सोय होती. आकडा ती बघत असतानाच आणखी खाली आला.

तिने नयनला फोन लावला. वाजत राहिला. आत्याला लावला. वाजत राहिला. समोरच्या काकूंचा बंद लागला. मग आठवलं. सटवाईच्या पूजेला त्यांच्या घरची रीत होती. पाटावर कोरा कागद आणि पेन ठेवायचं, शेजारी जमिनीवर दिवा, दिव्याजवळ दुपट्यावर बाळ. सगळ्यांनी बाहेर पडायचं, दार लावायचं. आई खोलीत राहिली तरी तिने भिंतीकडे तोंड करून बसायचं. सटवाई कपाळावर लिहिते तेव्हा कोणी बघायचं नसतं. आणि आवाज नको म्हणून फोन वर ठेवून यायचे.

बाळ जमिनीवर.

कल्याणपर्यंत तिने किती वेळा फोन लावला ते तिलाही सांगता आलं नसतं. डोंबिवलीला उतरून रिक्षा पकडली. "लवकर, दादा," एवढंच बोलली. आभाळ आता शेंदरी झालं होतं आणि सगळीकडे अशी शांतता की कुत्रीही भुंकत नव्हती.

आवारात नयन आणि गोदाआत्या खुर्च्या टाकून बसले होते. मागच्या खोलीचं दार बंद. खालच्या फटीत टॉवेल कोंबलेला.

"टॉवेल कशाला?" कृतिका ओरडली.

"श्श! दिवा सारखा विझत होता गं," नयन कुजबुजला. "तीनदा लावला. म्हटलं वारा येतोय खालून."

"वारा कुठे आहे नयनदादा?"

त्याने हवेत हात वर धरला, मग सावकाश खाली घेतला.

"मगापासून रडत होती पोर," गोदाआत्या समाधानाने म्हणाली. "आता कशी गप झोपली."

कृतिका पायऱ्या उतरली आणि दार ढकललं. आत काहीच भयंकर नव्हतं. उदबत्तीचा वास. पाटावर कोरा कागद. पलंगावर ऐश्वर्या भिंतीकडे तोंड करून, मान छातीवर टाकून बसलेली. पणतीत तेल काठोकाठ, वात भिजलेली, ज्योत नाही. छताला पाली, नेहमीसारख्याच, खाली बघत. आणि दुपट्यावर बाळ, मुठी उघड्या, ओठ जांभळट.

कृतिकाने श्वास रोखला, वाकली, बाळाला उचललं आणि डोक्यावर धरलं. "वहिनीला बाहेर काढ!" ती मागे न बघता ओरडली आणि पायऱ्या चढून उघड्या रस्त्यावर आली. बाळाचं डोकं तिच्या हातावर सैल लटकत होतं. तिने पाठीवर चोळलं. तळवे चोळले. गोदाआत्या काही पुटपुटत होती.

बाळाने एक उचकी दिली. मग चेहरा आक्रसला. मग ते रडलं, आधी चिरकं, मग खणखणीत, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं.

नयन ऐश्वर्याला हाताला धरून वर घेऊन आला. "डोकं फुटतंय," ती म्हणाली. "ती रडायची थांबली ना, मला वाटलं झोपली. मागे बघायचं नव्हतं ना." मग तिला समजलं, आणि तिने बाळ ओढूनच घेतलं.

कोपऱ्यावरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी दोघींना ऑक्सिजन लावला. बाळ बरं आहे, म्हणाल्या, पण रात्रभर लक्ष ठेवायचं. नयन तिथेच थांबला. घरी राहिल्या कृतिका आणि गोदाआत्या.

"आत्या, पणत्या आहेत?"

"आता पनत्या कनाला?"

"दाखवते."

प्रत्येक पायरीवर एक पेटती पणती ठेवत कृतिका दारापर्यंत उतरली. तिथली पणती लावून ती हात लांब करून आत, जमिनीवर टेकवायला गेली. घोट्याच्या खाली येताच ज्योत बारीक झाली, वातीपासून सुटून वर उचलली गेली आणि नाहीशी झाली. कोणी चिमटीत धरून काढून घ्यावी तशी.

ती झपाट्याने वर आली. दोघी रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या. वारा नव्हता. पायऱ्यांवरच्या ज्योती ताठ, जराही न हलणाऱ्या.

बराच वेळ काहीच झालं नाही. मग सगळ्यात खालची ज्योत विझली. थोड्या वेळाने तिच्या वरची. आवाज नाही, धूर नाही, काही दिसत नाही. फक्त पायरी पायरीने काळोख वर येत होता. गोदाआत्याने कृतिकाचं मनगट धरलं आणि इतकं आवळलं की बांगडी रुतली.

"चरते हाय," ती म्हणाली. "बघ, ती वर चरते."

"हवा चढतेय आत्या. विहिरीतली."

"बावीतली ना? मंग मी काय येगला बोलते?"

जे दिसत होतं त्याला दोन्ही वर्णनं सारखीच बसत होती. वरून दुसरी पायरी विझली तेव्हा दोघीही नकळत मागे सरकल्या. शेवटची ज्योत, रस्त्याच्या पातळीवरची, मात्र टिकली. तिथून पुढे उघडी जागा होती, हवा पसरून जायला. त्या एका दिव्याकडे बघत त्या उभ्या राहिल्या. नंतर कृतिकाने आवाराचं फाटक लावून घेतलं, वरच्या भाडेकरूंना खाली फिरकू नका असं बजावलं.

सकाळी ऊन पडलं होतं. वादळ गुजरातच्या किनाऱ्यावर जाऊन थांबलं होतं. खाडीकडून वारा सुटला होता. नयनचा फोन आला. बाळ दूध प्यायलं, दोनदा शी केली, डॉक्टरबाई खूष आहेत. कृतिकाने फोनवर दाब बघितला. आकडा चढत होता.

ती उदबत्ती पेटवून पायऱ्या उतरली, मीटर पुढे धरून, पायरीला थांबत थांबत. आकडे ठीक होते. उंबरठ्यातून तिने मीटर काठीला बांधून आत जमिनीवर टेकवला. तिथेही ठीक. वरून गोदाआत्या विचारत होती, "गेली का गो?"

कृतिकाने उदबत्ती पलंगाच्या पायाशी नेली. तिथे कोब्याला केसाएवढी चीर होती, तिने याआधी कधी न बघितलेली. उदबत्तीचा धूर वर गेला नाही. तो वळला, बारीक धाग्यासारखा ताणला गेला आणि चिरेतून सावकाश, एकसारखा खाली जाऊ लागला.

"नाही गेली," कृतिका हळूच म्हणाली. "श्वास आत घेतेय."

ती उठली. वर बघितलं तर छताला एकही पाल नव्हती. एक पाटाच्या कडेला, जमिनीवर बसली होती, काल मेलेले किडे खात. पाटावरचा कागद अजून कोराच होता. कृतिकाने तो घडी घालून खिशात टाकला, का ते तिलाही कळलं नाही, आणि बाहेर येऊन दाराला कुलूप लावलं. खोली आता पाडायचीच, आणि विहिरीला उघडा पाइप काढून गच्चीपर्यंत न्यायचा, हे तिने ठरवून टाकलं होतं.

आवारात समोरच्या काकू आल्या होत्या. गोदाआत्या त्यांना सांगत होती, हातवारे करत. "पांढरा लुगरा बाय, पायऱ्या चरत आली! एकेक दिवा फुकत आली!"

"बाई गं!" काकू तोंडावर हात ठेवून म्हणाल्या. "मला वाटलंच होतं. सांगते मी सगळ्यांना."

एका रात्रीत पांढरं लुगडं आलं होतं. कृतिका जवळ गेली. खोडून काढावं असं वाटलं, दाब आणि विहीर सगळं पहिल्यापासून सांगावं असं वाटलं. पण ही गोष्ट संध्याकाळपर्यंत वाण्याकडे जाणार, तिथून इस्त्रीवाल्याकडे. शेजारच्या बिल्डिंगींखालीही बुजवलेल्या विहिरी होत्या, तिथेही तळमजल्यांवर लोक गाद्या घालून झोपत होते. वाटेत काय गळणार आणि काय टिकणार, हे तिला आता ठाऊक होतं.

"आत्या, लुगडं राहू दे," ती म्हणाली. "पण काकू, एक सांगायला विसरू नका. मळभ असेल, वारा पडला असेल, तेव्हा ती फक्त खाली येते. जमिनीवर. तळमजल्यावर खाली कोणी झोपायचं नाही, पोरांना खाली ठेवायचं नाही. आणि दिवा विझला तर दारं लावायची नाहीत, उघडायची."

"खाली," काकू म्हणाल्या.

"परत म्हणा."

काकूंनी तिच्याकडे चमकून बघितलं, आणि परत म्हटलं.